घासाघीस भावाची करा, मापाची नको

दिवाळीच्या आगेमागे खानदेशात कापसाची खेडा खरेदी सुरू होते, म्हणजे व्यापारी गावात येऊन माल घेतात. ओट्यापुढे काटा लागतो, व्यापाऱ्याचा माणूस ढिगात कोपरापर्यंत हात घालून कापूस चोळून पाहतो, भाव ठरतो. मग जाता जाता सांगितल्यासारखे तो म्हणतो, "आबा, क्विंटलमागे तीन किलो कट्टी धरू." कट्टी म्हणजे वजनातून सरसकट केलेली वजावट. कुठे ती दोन किलो असते, कुठे जास्त. शंभर रुपयांच्या फरकासाठी अर्धा तास अडून बसणारा शेतकरी कट्टीवर फारसे बोलत नाही. सगळेच धरतात, जुना रिवाज आहे, असे दोघेही मानून चालतात.

माणूस प्रामाणिक असला की सौदा प्रामाणिक होतो, ही आपली आवडती समजूत या कट्टीपाशी अडखळते. कट्टी धरणारा व्यापारी शब्दाचा पक्का, उधारी वेळेवर फेडणारा असू शकतो. कापसावर पाणी मारणारा शेतकरी गावातल्या भांडणात पंच म्हणून बोलावला जाणारा असू शकतो. दोघांपैकी एकालाही आपण काही वावगे करतोय असे वाटत नाही. मूल्ये सौद्यात काम करतात, यात शंका नाही. पण समोरचा प्रश्न नीतीचा आहे हे आधी माणसाला दिसावे लागते आणि रिवाज नेमके तेच झाकतो. म्हणून माझे म्हणणे असे आहे की वजन, ओलावा, पैसे देण्याची तारीख अशा मोजता येणाऱ्या गोष्टी घासाघिशीतून बाहेर काढाव्यात, आणि जे कोणत्याही यंत्राने मोजता येत नाही तेवढेच माणसाच्या सद्सद्विवेकावर सोपवावे. त्याच्यावर आज नको तितका भार आहे.

कट्टीचा हिशेब मांडून पाहू. 8 टक्के ओलाव्याच्या कापसाला क्विंटलमागे 7,500 रुपये ठरले असे धरा. त्या 100 किलोत कोरडा माल 92 किलो. ओलावा 12 टक्के असेल तर कोरडा माल 88 किलो, आणि त्याच दराने त्याची किंमत होते सुमारे 7,174 रुपये. 16 टक्के असेल तर कोरडा माल 84 किलो, किंमत 6,848 रुपये. आता सगळ्यांना सरसकट तीन किलो कट्टी लावा. प्रत्येकाचे 225 रुपये गेले. ज्याने दव उडाल्यावर वेचणी केली, दोन दिवस ऊन दिले, कवडी (खराब, डागाळलेला कापूस) निवडून बाजूला काढली, त्याचे 225 रुपये विनाकारण गेले. ज्याचा कापूस 16 टक्के ओला आहे त्याच्याकडून 652 रुपये कापणे रास्त होते. तो 225 देऊन सुटला, म्हणजे 427 रुपयांनी फायद्यात राहिला. वाळवणाऱ्याला पुढच्या हंगामात काय सुचेल हे सांगायला नको. क्विंटलवर तीन लिटर पाणी शिंपडले की कट्टी जवळजवळ भरून निघते. त्याच्या लेखी ही फसवणूक नसते, आपले गेलेले वसूल केलेले असते.

नुकसान तिथे थांबत नाही. ओला कापूस गंजीत तापतो, पिवळा पडतो, जिनिंगच्या (सरकी वेगळी करण्याच्या) यंत्रात अडकतो, रुईची प्रत उतरते. जिनवाल्याचा उतारा (कापसातून निघणारी रुई) बसत नाही, तो व्यापाऱ्याचे बिल कापतो, आणि व्यापारी पुढच्या गावात कट्टी चार किलो करतो. आपण फक्त आपला बचाव केला, असे या साखळीतल्या प्रत्येकाला मनापासून वाटते.

अर्थशास्त्रात याला जवळ जाणारे एक गाजलेले उदाहरण आहे. यूरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी यांनी 2000 साली इस्रायलमधल्या हैफा शहरातील पाळणाघरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर घटण्याऐवजी वाढला. दंड काढून टाकल्यावरही तो पहिल्यासारखा झाला नाही. आधी उशीर केला की बाईंपुढे ओशाळायला व्हायचे. दंडाने त्या ओशाळण्याची किंमत ठरवून दिली. आपल्या कट्टीने तेच केले आहे. पाणी मारण्याची किंमत आगाऊ घेतली जाते, मग पैसे भरलेल्या माणसाने लाजावे कशाला?

भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर पद्धत निराळी आहे. 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात, 12 च्या वर माल नाकारला जातो. 2025-26 च्या हंगामासाठी लांब धाग्याचा हमीभाव 8,110 आणि मध्यम धाग्याचा 7,710 रुपये होता. या केंद्रांवरच्या रांगा, नोंदणीचा त्रास, परत पाठवलेल्या गाड्या याबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत आणि त्या रास्तही आहेत. पण ओलाव्याचा आकडा मीटरवर दिसतो, एवढ्यानेच वाळवणारा आणि भिजवणारा वेगळे पडतात.

मीटर आणला म्हणजे सगळे सुटले, असेही नाही. ओलावा मापकाची सुई ढिगाच्या वरच्या थरात खुपसली आणि तळाशी खुपसली तर आकडे वेगळे येतात. सकाळी सातला आणि दुपारी दोनला वेगळे येतात. कापूस दाबून धरला तर विजेच्या रोधावर चालणारा मीटर जास्त ओलावा दाखवतो, आणि ही युक्ती दोन्ही बाजूंना ठाऊक असते. म्हणून गाडीच्या वरून, मधून, तळातून मिळून निदान पाच ठिकाणी वाचन घ्यावे, दोघांच्या देखत आकडे लिहावेत, सरासरी काढावी. दव असताना मोजू नये. काट्याचेही तसेच. तोलाईआधी शून्य पाहावे, शिक्क्याचे 20 किलोचे वजन तव्याच्या चारही कोपऱ्यांवर ठेवून आकडा सारखा येतो का बघावे, वैधमापन विभागाची त्या वर्षाची पडताळणी झाली आहे का ते विचारावे. वजनकाट्यावर भरली गाडी आणि रिकामी गाडी एकाच काट्यावर तोलावी. एवढे विचारले म्हणून ज्या व्यापाऱ्याला राग येतो त्याच्याशी भावाचे बोलणेच सुरू करू नये.

आता मूल्यांकडे येऊ, कारण मोजमाप बाजूला काढल्यावर खरा कस तिथेच लागतो. मानसशास्त्रज्ञ शालोम श्वार्ट्झ यांनी 1992 साली माणसाच्या मूल्यांची दहा गटांत मांडणी केली. त्यातले दोन गट वरवर सारखे दिसतात: जवळच्या माणसांचे भले पाहणे, आणि ओळखीपाळखीच्या पलीकडच्या सर्वांचे भले पाहणे. आपल्याकडे ज्याला सज्जन म्हणतात तो बहुधा पहिल्या गटातला असतो. भावकीतल्या माणसाचा काटा तो कधी मारणार नाही, नातलगाला खराब बी देणार नाही. दिल्लीच्या केळी व्यापाऱ्याला मात्र तो चरका बसलेला बाग बिनदिक्कत विकेल, आणि त्याच्या झोपेवर काही परिणाम होणार नाही. तो ढोंगी नसतो. त्याच्या मूल्यांची वेस गावापाशी संपते, इतकेच.

चरक्याचे उदाहरण मुद्दाम घेतले. थंडीत पारा 13 अंशांच्या बराच खाली उतरून तसाच राहिला की केळीला चरका बसतो. घड हिरवा असताना बाहेरून फारसे कळत नाही. साल किंचित सोलली तर आतल्या शिरा तपकिरी दिसतात. असा माल पिकवणी केंद्रात नीट रंग धरत नाही, काळपट, मळकट पिकतो. रावेर-यावलच्या बागाईतदाराला आपल्या बागेत काय झाले ते नक्की माहीत असते. घेणारा बाग फिरून घडांची लांबी-जाडी बघतो, साल सोलून बघतोच असे नाही. विक्रेत्याने बोलायला हवे का?

या प्रश्नाला आपल्या कायद्याने दिलेले उत्तर मासलेवाईक आहे. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 17 प्रमाणे नुसते गप्प राहणे ही फसवणूक होत नाही. कलमाखालची पहिली तीन उदाहरणे घोड्याची आहेत. सदोष घोडा लिलावात विकताना मालकाने काही सांगितले नाही, तर ती फसवणूक नव्हे. पण विकत घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा म्हणाला, "तुम्ही नाही म्हटले नाहीत तर मी घोडा निर्दोष समजेन," त्यावर मालक गप्प बसला, तर ते गप्प बसणे बोलण्याइतकेच धरले जाते.

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात हेच नाटक तापीकाठी दरवर्षी चालते. घोड्याचे वय दातांवरून कळते, चाल फिरवून पाहता येते. लाथ मारण्याची, चावण्याची, गाडीला बुजण्याची खोड जत्रेच्या गर्दीत दिसेलच असे नाही. काही विकणारे खोड आपणहून सांगतात आणि त्यामुळे कमी किंमत घेतात. काही विचारल्यावर सांगतात. काही विचारल्यावरही "लहान पोर धरेल याला" म्हणतात. पहिला आणि दुसरा यांच्यातला फरक मूल्यांचा आहे. दुसरा आणि तिसरा यांच्यात कायदा आडवा येतो. म्हणून घेणाऱ्यासाठी उपाय अगदी व्यवहारी आहे: गोल गोल न बोलता नेमके विचारावे. "जानेवारीत चरका बसला होता का? हरण्या रोगाची झाडे किती उपटली? करप्याची शेवटची फवारणी कधी झाली?" नेमक्या प्रश्नाला नेमके खोटे बोलणे बहुतेकांना जड जाते. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर देऊन स्वतःला प्रामाणिक समजणे मात्र फार सोपे असते.

विक्रेत्याच्या बाबतीत माझे मत कायद्याहून कडक आहे. घेणाऱ्याला नेहमीच्या पाहणीत दिसणार नाही आणि मालाची किंमत बदलेल, असे जे असेल ते न विचारता सांगितले पाहिजे. जे त्याला दिसू शकते, किंवा ज्याचा मालाशी संबंध नाही, ते सांगायची गरज नाही. आपला शेवटचा भाव काय, दुसरे गिऱ्हाईक आहे की नाही, मुलीचे लग्न जवळ आले आहे की कसे, हे झाकून ठेवणे अनीती नव्हे. "दुसऱ्याने 1,800 सांगितलेत" असे नसलेले गिऱ्हाईक उभे करणे ही मात्र थाप आहे, आणि 'धंद्यात एवढे चालते' म्हणून ती पवित्र होत नाही.

अल्बर्ट कार या लेखकाने 1968 साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये उलट बाजू मांडली होती. धंदा हा पत्त्यांच्या पोकरसारखा असतो, डावात हूल देणे हा खेळाचाच भाग, घरची नीती तिथे लावू नये, असा त्यांचा दावा होता. सोन्याचे दोन व्यापारी किंवा दोन जिनिंगवाले समोरासमोर बसले असतील तर हे म्हणणे अर्धे तरी पटते. दोघांनाही नियम ठाऊक असतात, दोघेही उठून जाऊ शकतात. मे महिन्यात 44 अंशांत घड तयार झालेला बागाईतदार उठून कुठे जाणार? घड झाडावरच पिकू लागला की लांबच्या बाजाराला तो निरुपयोगी होतो, वादळी वारा आला तर बाग आडवी होते. त्याला "आज गाडी नाही, परवा बघू" हे वाक्य ऐकवले की भाव आपोआप उतरतो.

सौद्यातली सर्वांत अवघड नैतिक कसोटी इथे लागते, आणि तिला यंत्र नाही. गाडी खरोखर नसेल तर ते सांगणे ही माहिती झाली. बऱ्हाणपूरला भाव पडला म्हणून कमी देणे हा धंदा झाला. गाडी उभी असताना कटाई मुद्दाम दोन दिवस लांबवणे हे मात्र समोरच्याचा माल नासवून भाव पाडणे आहे. त्याला घासाघीस म्हणण्याचे कारण नाही. तिन्ही वेळा शेतकऱ्याच्या हातात पडणारा आकडा एकच असू शकतो, म्हणून बाहेरून फरक ओळखू येत नाही. तो फक्त लांबवणाऱ्याला माहीत असतो.

दुसरी बाजूही तितकीच ठळक आहे. श्रावणात, नवरात्रात, रमजानमध्ये केळीची मागणी चढते. व्यापाऱ्याने विसार दिलेला असतो, मजूर आणि गाडी ठरवलेली असते; आणि क्विंटलमागे शंभर रुपये जास्त देणारा दुसरा दारात आला की बागाईतदार सौदा फिरवतो. "विसार परत नेऊन टाका, भाऊ." या वेळी नडलेला व्यापारी असतो. शेतकऱ्याची कीव आणि व्यापाऱ्याचा राग या ठरीव भावना घेऊन सौद्याच्या नीतीकडे पाहिले की ही बाजू दिसतच नाही. शेतकऱ्याचे नुकसान बहुधा मोठे असते, हे खरे. पण शब्द फिरवणे दोघांच्याही हातून एकाच जातीचे घडते.

शब्दावरून पैशांकडे. खानदेशात सर्वांत जास्त माणसे ज्यात पोळली आहेत तो प्रकार म्हणजे "आठ दिवसांत पैसे देतो." चढा भाव बोलायचा, माल उचलायचा, दोनतीन फेऱ्यांचे पैसे वेळेवर द्यायचे, विश्वास बसला की मोठी उचल करून पसार व्हायचे. हे सरळ गुन्हेगार. त्यांच्यापेक्षा जास्त असतात ते मधले: पैसे येतील अशी खात्री नसताना खात्री असल्यासारखे बोलणारे. जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने अठराव्या शतकात हेच उदाहरण घेतले होते: फेडता येणार नाही हे माहीत असताना फेडण्याचे वचन देऊन घेतलेले पैसे. सगळेच असे वचन देऊ लागले तर वचनावर कोणी पैसेच देणार नाही, असे त्याचे म्हणणे. अमळनेरला कापड गिरणीचे मालक श्रीमंत प्रताप शेठ यांनी 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर उभारले, तिथे असल्या विषयांवर पंडित मंडळी चर्चा करत आली. कांटचे म्हणणे पटवून घ्यायला मात्र एखादा व्यापारी बुडवून गेलेल्या गावात पुढच्या हंगामात जावे. सरळ, लहान, भांडवल कमी असलेल्या व्यापाऱ्यालाही तिथे चार दिवसांची उधारी मिळत नाही. खोट्या वचनाचा दंड तो भरत असतो.

इथे पुन्हा मोजता येण्याजोगे ते सौद्याबाहेर काढता येते. बाजार समितीच्या आवारात पैसे लगेच देण्याचे बंधन आहे; बांधावरच्या सौद्यात ते कोणी पाळत नाही. म्हणून सौदा चिठ्ठी हवी: माल, भाव, ओलाव्याची किंवा केळीच्या घडाच्या दांड्याची वजावट कशी धरायची, तोलाई कोणाची, पैसे कोणत्या तारखेला आणि कोणत्या खात्यावर. पुढच्या तारखेचा धनादेश घेतला तर त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत टाकावा. न वटल्यास बँकेचा कागद मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, नोटीस पोहोचल्यापासून पैसे भरायला 15 दिवस, ते उलटले की एक महिन्यात न्यायालयात तक्रार. बहुतेक जण यातली पहिलीच मुदत चुकवतात, कारण "चार दिवस थांबा, टाकू नका" असे समोरचा गोड बोलून सांगतो आणि आपली भीडस्त मूल्ये नको म्हणू देत नाहीत.

यावर एक वजनदार आक्षेप आहे आणि तो जळगावच्या सराफ बाजाराकडे बोट दाखवतो. हॉलमार्क सक्तीचा झाला 2021 मध्ये, सहा अक्षरी ओळखक्रमांक सक्तीचा झाला 1 एप्रिल 2023 पासून. त्याआधी कित्येक पिढ्या लोक दूरदूरहून जळगावला सोने घ्यायला यायचे, ते पेढीच्या शब्दावर. म्हणजे यंत्र आणि शिक्का नसताना माणसांच्या मूल्यांवर बाजार उभा राहू शकतो, नाही का? राहू शकतो. मात्र तिथे गिऱ्हाईक तेच, त्याची मुलगी तीच, मोड घालायला पुन्हा त्याच पेढीवर यायचे. खोटेपणा वीस वर्षांनी का होईना, उघडा पडायचा. केळीचा ट्रक उत्तरेत जातो, कापसाची गठाण दक्षिणेतल्या गिरणीत जाते. पिकवणारा आणि वापरणारा एकमेकांना कधीच भेटत नाहीत. शिवाय हॉलमार्क आल्याने चोख पेढ्या बुडालेल्या दिसत नाहीत. कस किती यावर वाद उरला नाही, बोलणे घडणावळीवर आणि मोडीच्या घटीवर (जुने सोने घेताना होणाऱ्या कपातीवर) आले, जिथे ते असायला हवे. आता लबाडी व्हायची ती घटीत होते, आणि ग्राहकाने डोळा ठेवायचा तो तिथेच.

राहता राहिला दलाल, ज्याच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. बागेत फिरून माल दाखवणारा, दोन्हीकडच्यांना 'आपला माणूस' वाटणारा हा गडी अनेकदा दोन्हीकडून दलाली घेतो. त्यात वाईट काही नाही, जर दोघांनाही ते माहीत असेल. न सांगता घेत असेल तर त्याचा प्रत्येक सल्ला संशयास्पद होतो. करार कायद्याच्या कलम 216 प्रमाणे दलालाने मालकाच्या, म्हणजे ज्याच्या वतीने तो काम करतो त्याच्या, नकळत स्वतःच्या हिशेबाने व्यवहार करून मिळवलेला फायदा मालक मागू शकतो. सौदा चिठ्ठीवर एक ओळ वाढवायची आहे: दलाली किती, कोणाकडून. ओळ लिहायला दलालाचा विरोध असेल तर तोच त्या दिवशीचा सर्वांत उपयुक्त तपशील समजावा.

हे सगळे कोणी करायचे? बाजार समित्या सेस घेतात. काही हजार रुपयांचा ओलावा मापक आणि शिक्क्याची वजने प्रत्येक मोठ्या गावात, विकास सोसायटीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या ताब्यात ठेवणे त्यांना जड नाही. खेडा खरेदीवाल्याने तिथल्या मीटरवर मोजून घ्यावे आणि 'कट्टी' हा शब्द पावतीवरून काढून 'ओलावा टक्के, वजावट रुपये' असे दोन रकाने भरावेत. पहिल्या हंगामात काही गावांत व्यापारी येणारच नाहीत, शेजारच्या गावात जातील. म्हणून हे एकट्या गावाने करून चालणार नाही. निदान तालुक्यातल्या सगळ्या गावांनी एकाच हंगामात, पहिल्या वेचणीच्या आधी, ठरवावे लागेल. चोपडा, अमळनेर, शिरपूर, शहादा यांपैकी कोणत्याही तालुक्याने सुरुवात केली तरी चालेल.